कोणी कोण व्हावे? : भूमिकाखेळांतील पात्रनिवड आणि चमूचा समतोल



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी इतिहास हा विषय प्रथम ऐकला, त्या शाळेने आपल्या एका दिवंगत शिक्षकाच्या स्मरणार्थ चालविलेल्या व्याख्यानमालेत मला बोलावावे, हा मी माझा सन्मान समजतो. आणि त्याहूनही अधिक ती एक परीक्षा समजतो. आमचे सर उत्तरपत्रिका तपासताना सनावळीची चूक एक वेळ पोटात घालीत; परंतु ‘हे असे का झाले?’ हा प्रश्न ज्याने टाळला, त्याची गय करीत नसत. तोच प्रश्न आज मी एका खेळाविषयी विचारणार आहे.

विषयाचे नाव निमंत्रणपत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. बडोद्यासारख्या शहरात, जेथे राजवाडे, ग्रंथालये आणि पोथ्या यांचा इतिहास हात जोडून उभा आहे, तेथे इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकाने मुलांच्या खेळावर बोलावे काय? माझे उत्तर असे की, माणसे एकत्र येऊन एखादे काम कसे वाटून घेतात, कोण काय करणार हे कोण ठरविते, आणि ज्याला कोणीच विचारले नाही त्याचे काय होते, हे प्रश्न राज्यांच्या इतिहासात जितके आहेत तितकेच खेळांच्या इतिहासातही आहेत. खेळात ते अधिक उघडे दिसतात एवढेच.

१

२०१७ सालच्या डिसेंबरात मी अमेरिकेत मिनियापोलिस येथे माझ्या मुलीकडे होतो. बाहेर बर्फ साचलेले. जेवणाच्या टेबलाभोवती माझा नातू आणि त्याचे चार मित्र कागद, पेन्सिली आणि निरनिराळ्या आकारांचे फासे घेऊन बसले होते. त्यांतला एक फासा चार बाजूंचा, एक आठ बाजूंचा, एक वीस बाजूंचा. पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही पण बसा ना!”

खेळाची रीत त्यांनी मला समजावून दिली. एकजण सूत्रधार होतो. तो एका कल्पित जगाचे वर्णन करतो: समोर भुयार आहे, आत अंधार आहे, दूरवर पाणी ठिबकते आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. जेथे यश अनिश्चित असेल तेथे फासा टाकावयाचा. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सगळा चमू मिळून एक साहस पार पाडतो, किंवा पार पाडता पाडता धारातीर्थी पडतो. अशा खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मी त्यांना भूमिकाखेळ म्हणेन. त्या मुलांचा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा होता. या जातीचा छापून विक्रीस आलेला पहिला खेळ तोच.

मला विचारण्यात आले, “तुम्ही कोण होणार?” मी उत्तर देण्यापूर्वीच दुसऱ्या मुलाने सांगितले की योद्धा झाला आहे, मांत्रिक झाला आहे, धनुर्धर झाला आहे, चोरही झाला आहे, आता जखमा बऱ्या करणारा पुरोहित तेवढा हवा आहे. मला वस्तुतः चोर व्हावयाचे होते. आयुष्य सभ्यपणे काढलेल्या माणसाला उतारवयात आणखी काय व्हावेसे वाटणार? परंतु जागा भरावयाची होती, म्हणून मी पुरोहित झालो. तीन तास इतरांनी पराक्रम केला आणि मी त्यांच्या जखमा भरल्या. सर्वांनी माझे आभार मानले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनात आले: चमूला पुरोहित हवाच, हे प्रथम कोणी ठरविले? आणि शेवटी येणाऱ्यानेच तो का व्हावे?

हा प्रश्न मनात धरून मी पुढे जे वाचले, त्याचा सारांश आज आपल्यापुढे ठेवतो.

२

प्रारंभ आपल्या घरापासून करू, कारण या प्रकरणी तो तेथूनच होतो. आपण मराठीत संघाला ‘चमू’ म्हणतो. हा शब्द मूळचा सैन्याचा. महाभारताच्या आदिपर्वात सैन्याची जी मोजणी दिली आहे, तिच्यातील सर्वांत लहान घटक म्हणजे ‘पत्ती’: एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ. तिची तिप्पट म्हणजे सेनामुख, त्याची तिप्पट गुल्म, आणि अशा पायऱ्या चढत गेल्यावर ७२९ पत्तींचा चमू होतो. या गणितातील मर्म असे की, अवघ्या दहांची सर्वांत लहान तुकडी घेतली तरी तिच्यात चारही अंगे आहेत. हत्तीचे काम घोड्याने करावयाचे नाही, घोड्याचे पायदळाने करावयाचे नाही. परंतु चौघांपैकी एकाहीवाचून तुकडी पुरी होत नाही.

या चार अंगांवरूनच बुद्धिबळाच्या मूळ खेळाला ‘चतुरंग’ हे नाव मिळाले. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात त्याचा श्लेषाने उल्लेख येतो. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळाचे वर्णन आहे. ज्या ग्रंथात जुन्या मराठीच्या ओळी सापडतात म्हणून आपण वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव वाचतो, तोच हा ग्रंथ. आणि तो गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत याच आपल्या शहरातून प्रसिद्ध झाला, त्याचा पहिला भाग १९२५ साली. अकराव्या शतकात अल्बेरुनीने चार जणांनी फासे टाकून खेळावयाच्या बुद्धिबळाची हकिकत लिहून ठेवली आहे. म्हणजे निरनिराळ्या गुणांची पात्रे, फासा आणि एकाहून अधिक जोडीदार, ही सामग्री आपल्याकडे फार पूर्वी एका पटावर आली होती.

चतुरंग इराणातून अरबांकडे आणि तेथून युरोपात गेला, ही कथा आपण जाणता. तिचा पुढील दुवा कमी परिचित आहे. १७८० साली जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेल्विग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर युद्धाचा खेळ बसविला. घरांना निरनिराळे रंग देऊन त्याने डोंगर, पाणी, दलदल दाखविली, आणि सोंगट्यांना तत्कालीन सैन्याची रूपे दिली. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने पटाच्या जागी नकाशा आणला. त्याने दोन गोष्टी आणखी केल्या. लढाईतील अनिश्चितता दाखविण्यासाठी फासे घेतले, आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसविला. खेळाडू आपले हुकूम पंचाला लिहून देणार, आणि काय घडले ते पंच सांगणार. प्रशियाच्या सेनाप्रमुखाने या खेळाची शिफारस केली आणि तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग बनला.

येथवर खेळणारा माणूस सेनापती होता. त्याच्या हाताखाली शेकडो शिपाई होते, पण तो स्वतः कोणीच नव्हता. सोंगटीला तो हलवीत असे. सोंगटी ‘मी’ म्हणत नसे. माझ्या मते या इतिहासातील खरी क्रांती ती सोंगटी ‘मी’ म्हणू लागली तेव्हा झाली.

३

ती घडली ज्या शहरात मी पुरोहित झालो त्याच परिसरात, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत. तेथे युद्धखेळ खेळणाऱ्या तरुणांचे एक मंडळ होते. त्यांतील डेव्हिड वेसली याला टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १८८० साली लिहिलेले युद्धखेळाचे जुने पुस्तक मिळाले. पंचाचा अधिकार मोठा ठेवावा आणि खेळाडूला सुचेल ते करून पाहू द्यावे, ही कल्पना त्याने तेथून उचलली. १९६९ साली त्याने नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या एका कल्पित गावाचा खेळ मांडला. सेनापतींना सैन्ये मिळालीच. पण खेळाडू जास्त आले होते, म्हणून उरलेल्यांना त्याने गावातील एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलपती.

झाले असे की लढाई बाजूलाच राहिली. खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन आपसांत कुजबुजू लागले, करार करू लागले, एकमेकांना फसवू लागले. वेसलीला वाटले, खेळ फसला. खेळाडू मात्र म्हणाले, पुन्हा केव्हा? ज्यांच्यासाठी सैन्य उरले नव्हते, त्यांच्यासाठी काढलेल्या त्या भूमिका होत्या. आणि त्यांतूनच नव्या खेळाचे बीज पडले.

त्या मंडळात डेव्ह आर्नेसन हा इतिहासाचा विद्यार्थी होता. त्याने हीच रीत घेऊन ‘ब्लॅकमूर’ नावाचे कल्पित राज्य उभारले, आणि किल्ल्याखालच्या भुयारांत आपल्या मित्रांना उतरविले. तेथे आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्याच्या खेळात एका खेळाडूने रक्तपिपासू पिशाचाचे पात्र घेतले होते. ते इतके बलाढ्य झाले की इतरांना त्याच्यापुढे उभे राहणे अशक्य झाले. तेव्हा त्याला आवर घालण्यासाठी दुसऱ्या एका खेळाडूला धर्मोपदेशक करण्यात आले; क्रूस दाखवून पिशाचाला पळवून लावणे हे त्याचे सामर्थ्य. म्हणजे पुरोहिताचे पात्र जखमा बऱ्या करण्यासाठी जन्मलेच नव्हते. एका टेबलावरील एका विशिष्ट अडचणीवर काढलेला तो तोडगा होता. समतोल हा शब्द तेव्हा कोणी उच्चारला नसेल. पण एकाची शक्ती सर्वांना जाचू लागली म्हणून दुसरी शक्ती निर्माण करावी, हा समतोलाचाच विचार होय.

विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स राहत असे. विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर तो जोडे दुरुस्त करून संसार चालवी आणि उरलेल्या वेळात युद्धखेळांचे नियम लिही. १९७१ साली त्याने जेफ पेरन याच्यासह मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले होते, आणि आर्नेसनने त्यांचा उपयोग केला होता. आर्नेसनने १९७२ च्या अखेरीस लेक जिनिव्हा येथे जाऊन आपला खेळ दाखविला. त्या दोघांच्या नावाने जानेवारी १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांची एक पेटी बाहेर पडली. पहिल्या खेपेस हजार प्रती, किंमत दहा डॉलर. तोच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’.

४

त्या पहिल्या पुस्तिकांत पेशे तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. पात्राची निवड कशी होई, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम सहा बाजूंचे तीन फासे सहा वेळा टाकावयाचे. येणाऱ्या बेरजा क्रमाने शक्ती, बुद्धी, विवेक, काटकपणा, चपळाई आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव या सहा गुणांच्या. त्यानंतर पेशा निवडावयाचा. नशीब आधी, निवड नंतर. ज्याची शक्ती अधिक त्याने योद्धा व्हावे, बुद्धी अधिक त्याने मांत्रिक, विवेक अधिक त्याने पुरोहित, असा नियमांचा सल्ला होता. पण तो सल्ला होता, सक्ती नव्हती. मंद बुद्धीच्या पात्रालाही मांत्रिक होण्याची मुभा होती. त्याची प्रगती तेवढी सावकाश होई.

या तिघांतील समतोलही आजच्यासारखा नव्हता. मांत्रिक प्रारंभी अत्यंत दुबळा. दिवसाकाठी एक मंत्र म्हणावयाचा आणि मग इतरांच्या पाठीशी लपावयाचे. पण तो जगला, तर पुढे सर्वांत प्रबळ होई. म्हणजे समतोल एका क्षणी नव्हता, काळावर पसरलेला होता. योद्ध्याने मांत्रिकाला बालपणी सांभाळावयाचे, मांत्रिकाने त्याची परतफेड उत्तरकाळी करावयाची. आणि पुरोहिताला पहिल्या पायरीवर एकही मंत्र नव्हता. जखम भरण्याचा मंत्र त्याला पुढच्या पायरीपासून मिळे. मात्र साध्या विश्रांतीने जखमा इतक्या सावकाश भरत की तो एक मंत्र लवकरच चमूचा प्राण होऊन बसला. पिशाचाला पळविणारा माणूस वैद्य झाला तो असा, नियमांच्या एका कोपऱ्यातून.

चमूचा आकार हाही एक मुद्दा आहे. त्या पुस्तिकांत चार ते पन्नास खेळाडूंची कल्पना केलेली आहे, आणि एका सूत्रधारामागे सुमारे वीस खेळाडू असावेत असे सुचविले आहे. शिवाय मोल देऊन शिपाई आणि मदतनीस बरोबर नेता येत. वीस जणांत पुरोहित कोणीतरी आपखुशीने होतोच. न झाला तर मोलाने मिळतो. जसजसे चमू लहान होत चार-पाचांवर आले, तसतशी प्रत्येक रिकामी जागा डोळ्यांत भरू लागली. जो शेवटी येईल त्याच्या गळ्यात उरलेली भूमिका पडू लागली, ती यामुळे.

१९७५ साली ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोराचा पेशा आला. कल्पना कॅलिफोर्नियातील काही खेळगड्यांची होती. गायगॅक्सने तिला नियमांचे रूप दिले. कुलपे उघडणे, सापळे शोधणे, अंधारात लपणे, भिंत चढणे हे चोराचे गुण, आणि प्रत्येकाचे शेकडेवारीत प्रमाण. यात एक गोष्ट फार सूक्ष्मपणे घडली, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. चोर येण्यापूर्वी सापळे कोण शोधी? सगळेच शोधीत. लांब काठीने जमीन चाचपीत, पाणी ओतून फटी पाहत, सूत्रधाराला प्रश्न विचारीत. चोराच्या नावाने ते कौशल्य कागदावर चढले, आणि बाकीच्यांनी समजूत करून घेतली की ते आता आपले काम नव्हे. तज्ज्ञाचे नाव लिहिले गेले की इतरांचा हक्क आपोआप आकुंचित होतो. आपल्या समाजातील पेशांच्या इतिहासाला हे सूत्र किती ठिकाणी लागू पडते, ते मी आपल्यावर सोपवितो.

कोणी कोण व्हावे यावर बंधने होती ती केवळ फाशांची नव्हती. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्रीपात्राच्या शक्तीला पुरुषपात्राहून खालची मर्यादा घातलेली होती. राक्षस, परी आणि उडते सर्प ज्या जगात चालतात, तेथे बलवान स्त्री मात्र चालत नव्हती! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही अट गेली. कल्पित जगातही आपण आपल्या घरचे उंबरे उचलून नेतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

५

त्यानंतरच्या काळात या प्रश्नावर तीन निरनिराळे उपाय झाले.

पहिला उपाय पेशेच मोडून काढण्याचा. १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ खेळात कोणीही कोणतेही कौशल्य शिकावे, जे वापराल ते वाढेल, अशी योजना होती. पुढे १९८१ चा ‘चॅम्पियन्स’ आणि १९८६ चा ‘गर्प्स’ यांत प्रत्येकाला ठरावीक गुण मिळत आणि त्यांतून हवे ते पात्र विकत घेता येई. तेथे नशीब गेले, निवड आली. पण अडचणीही आल्या. सगळ्यांनीच थोडे थोडे सगळे घेतले, तर कोणाचेच कोणावाचून अडत नाही. चमू राहतो, पण तो बाजारातील गर्दीसारखा: एकत्र, परंतु एकमेकांचा नव्हे.

दुसरा उपाय जागा स्पष्ट नावाने सांगण्याचा. २००८ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीने प्रत्येक पेशाला चारांपैकी एक भूमिका लावून दिली. पुढे उभा राहून घाव झेलणारा, एकावर जबर प्रहार करणारा, रणभूमीचा रंग बदलणारा, आणि सोबत्यांना बळ देणारा. चतुरंगच पुन्हा अवतरले म्हणा ना! संगणकावरील सामूहिक खेळांत अशी विभागणी आधीच रूढ झाली होती. अनेकांनी टीका केली की यात पात्र हरवून यंत्राचा सुटा भाग उरतो. टीकेत तथ्य होते. तथापि त्या आवृत्तीने एक गोष्ट कनवाळूपणाने केली, तिची नोंद घेतली पाहिजे. सोबत्याची जखम भरणाऱ्याला आपली पाळी बहुधा खर्चावी लागू नये अशी व्यवस्था तिने केली. तो एकाच वेळी सोबत्याला उभेही करी आणि स्वतः लढेही. शिवाय प्रत्येक पात्राला स्वतःचा दम पुन्हा गोळा करण्याची ताकद दिली.

तिसरा उपाय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दिसतो. तिने भूमिकांची नावे गाळली, पण वरील दया ठेवली. तासाभराच्या विश्रांतीत प्रत्येकजण आपल्या जखमा काही अंशी आपणच भरू शकतो, आणि जखम भरण्याचे मंत्र अनेक पेशांत वाटलेले आहेत. पुरोहित असला तर बरे; नसला तर चमू अडत नाही. मला त्या रात्री मुलांनी पुरोहित केले तेव्हा ते याच आवृत्तीने खेळत होते. म्हणजे नियमांनी ती सक्ती केव्हाच उठविली होती. ती उरली होती ती रूढीत. नियम बदलून काही वर्षे लोटली तरी रूढी टेबलाशी येऊन बसतेच, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

या पन्नास वर्षांकडे एकत्र पाहता माझा निष्कर्ष असा. समतोल हवा, कारण तो म्हणजे माणसाला माणसाची गरज असणे. ती गरज काढून टाकली तर खेळ उरत नाही. पण समतोलाच्या नावाखाली नकोसे काम नेहमी एकाच्याच अंगावर पडत असेल, तर तो समतोल नव्हे. ती सोय होय. नको असलेले काम कोणा एकाला न देता सर्वांत वाटणे, हाच यावरचा टिकाऊ उपाय ठरला.

६

आता सरांविषयी.

आम्ही नववीत असताना स्नेहसंमेलनात एक ऐतिहासिक नाटक बसविले. तेव्हा रीत अशी होती की शिक्षकांनी वर्गात यावे, मुलांकडे एकदा पाहावे, आणि उंच मुलाला राजा, गोऱ्या मुलाला राणी, तोतऱ्याला पडदा ओढावयास नेमून मोकळे व्हावे. सरांनी वही काढली आणि एकेकाला विचारले, “तुला कोण व्हावंसं वाटतं?” प्रत्येकाचे उत्तर लिहून घेतले. माझेही लिहिले. सर्वांना हवे ते मिळाले नाही, कारण राजा एकच होता आणि इच्छुक सात. परंतु ज्याला नाही म्हटले त्याला का नाही म्हटले, ते सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले. शेवटी द्वारपालाची जागा उरली. त्याने अडीच तास भाला धरून उभे राहावयाचे, वाक्य एकही नाही. कोणाच्याच नावापुढे ते लिहिलेले नव्हते. सर म्हणाले, “मग मीच उभा राहतो.” आणि प्रयोगाच्या दिवशी खरोखरच डोक्याला मुंडासे बांधून ते उभे राहिले. आपल्यापैकी जे त्या संमेलनाला हजर होते, त्यांना तो प्रेक्षागृहातील हशा आठवत असेल, आणि त्यामागून झालेला टाळ्यांचा कडकडाटही.

मला हे ठाऊक होते. ठाऊक असूनही मी काय केले, ते सांगणे आज माझे कर्तव्य आहे.

पुढे मी प्राध्यापक झालो. दरवर्षी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी चांपानेर-पावागड येथे जात असे. पाच-पाच जणांचे गट असत. एकाने शिलालेखांचे ठसे घ्यावयाचे, एकाने नकाशा काढावयाचा, एकाने छायाचित्रे घ्यावयाची, एकाने गावकऱ्यांशी बोलावयाचे, आणि एकाने हिशेब, डबे आणि गाडीची वेळ सांभाळावयाची. गट समतोल असे. मला त्याचा अभिमान होता. एक विद्यार्थिनी फार टापटिपीची होती. पहिल्या वर्षी मी तिला हिशेब दिला. तिने तो इतका चोख ठेवला की दुसऱ्या वर्षीही तिलाच दिला, आणि तिसऱ्या वर्षी मी विचारलेसुद्धा नाही. वही तिच्या हाती ठेवली. निरोपसमारंभाच्या दिवशी ती मला म्हणाली, “सर, मला ठसे घ्यायला शिकायचं होतं.” मी म्हणालो, “मग बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “कुणी विचारलंच नाही.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

हिशेबाची वही पाच दिवस पाच जणांकडे फिरविता आली असती. एक दिवस ती माझ्याकडेही राहू शकली असती. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, कारण काम चालले होते; आणि ज्याचे काम चालते तो सहसा प्रश्न विचारीत नाही. मिनियापोलिसच्या त्या टेबलाशी पुरोहित होऊन बसलो असताना, सर्वजण माझे आभार मानीत असताना, मला तिची आठवण झाली. तिचेही आम्ही दरवर्षी आभार मानीत असू.

या सभेत अनेक शिक्षक आहेत, पालक आहेत, संस्था चालविणारी मंडळी आहेत. संघ निवडण्याचा प्रसंग आपणां सर्वांवर वारंवार येतो. माझी विनंती एवढीच की, कोणती जागा रिकामी आहे हे सांगण्यापूर्वी समोरच्याला कोण व्हावयाचे आहे ते विचारावे, आणि त्याचे उत्तर लिहून ठेवावे. त्याला ते देता येईलच असे नाही. परंतु जे विचारले गेले आणि मिळाले नाही, त्याची खंत माणूस हसत वागवतो. जे कोणी विचारलेच नाही, ते मनात तसेच राहून जाते.

दुसऱ्या दिवशी नातवाने मला सांगितले की पुढच्या शनिवारी मी चोर होऊ शकतो; पुरोहिताचे मंत्र त्याच्या योद्ध्याला थोडे शिकवून ठेवता येतील. परतीचे विमान शुक्रवारचे होते, त्यामुळे तो योग आला नाही.

या निमित्ताने सरांच्या आठवणीजवळ मला पुन्हा बसता आले, याबद्दल शाळेचा मी ऋणी आहे.